मास्तरांनी पाहिलंय

आभारपत्र चार पानांचं झालं होतं, पाठपोट. रंगमास्तरांनी ते दोनदा कच्चं लिहिलं, एकदा पक्कं लिहिलं आणि सोमवारी सकाळी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. बायकोने ते आदल्या दिवशी वाचलं होतं. वाचताना तिने एकदाही मान वर केली नाही. शेवटचं पान खाली ठेवून तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "छान लिहिलंय. सगळं आहे यात. फक्त कामाचं तेवढं नाही."

मास्तरांनी पानं गोळा केली. कामाचं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. तिसरा ठाऊक असलेला माणूस हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पडून होता आणि मंगळवारी सकाळी त्याची लघवीची पिशवी कापून काढणार होते. चौथ्या कुणाला माहीत नाही, असं मास्तर धरून चालले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. गिऱ्हाइकाने हातभर तुकडा आणून द्यायचा आणि रंगमास्तराने तोच रंग हजार वार कापडावर उतरवायचा, असं ते काम. त्याला डोळा लागतो. मास्तर उत्तरेच्या खिडकीशी दोन तुकडे शेजारी धरत आणि यात निळा थेंबभर जास्त पडलाय म्हणून सांगत. पुढे कारखान्यात रंग मोजायचं यंत्र आलं, तेही मास्तरांचीच री ओढायचं. माणसाला अशा गोष्टीचा माज चढतो. मास्तरांनाही चढला होता, खोटं कशाला सांगायचं.

त्या कारखान्यातल्या माणसांचा एक जुना विनोद होता. लाल हौदावर काम केलं की लघवी लाल, हिरव्यावर केलं की हिरवी, पगाराच्या दिवशी मात्र पाण्यासारखी. म्हणून मास्तरांना पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हा त्यांनी ते दोन महिने किरमिजी हौदाच्या माथी मारलं. हौद धुऊन कोरडा पडला, तरी लाल येतच राहिली. तेव्हा कुठे ते हॉस्पिटलात गेले. पिशवीत गाठ होती. त्या एका कारखान्यातल्या सहा जणांना ती झाली आणि सहाही जणांना निवृत्तीच्या दिवशी मालकाने भिंतीवरचं एकेक घड्याळ दिलं. एवढ्यावर मालकाचं भागलं. त्याच्या दारात जाऊन ओरडायची अक्कल सहांपैकी एकालाही झाली नाही, कारण सहाही जण तोवर ओळीने हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते.

याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मास्तरांच्या पिशवीत सात वेळा गाठी आल्या आणि सात वेळा डॉक्टरबाईंनी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून त्या खरवडून काढल्या. मधल्या काळात पिशवीत औषध सोडायचं. ते सोडलं की दोन तास लघवी धरून ठेवायची, दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, उजवी, पालथी, डावी, उताणी, म्हणजे औषध सगळीकडे लागतं. असं आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आधी दर तीन महिन्यांनी तपासणी, मग सहा, मग वर्षाने. परत गाठ दिसली की पुन्हा तीन. या दुखण्याचा माणूस बरा झाला असं कुणी म्हणत नाही. तो पुढच्या तारखेपर्यंत ठीक असतो.

आणि तारखा सांभाळायच्या सिस्टरने. दुर्बीण तपासणीची खोली तिच्या ताब्यात होती. पहिल्या दिवशी मास्तर कपडे काढायला तयार होईनात, लाजेने अर्धमेले झाले होते. तेव्हा ती हातमोजे चढवता चढवता म्हणाली होती की मास्तर, मी दिवसाला चौदा बघते, तुमचं काही वेगळं निघालं तर आवर्जून सांगेन. मास्तर हसले आणि त्या हसण्यात नळी आत गेलीसुद्धा. पाचव्या वर्षी औषधानंतर त्यांना ताप चढला. सिस्टर रजेवर होती, तरी तिने घरून फोन करून विचारलं, थंडी वाजते का, बोलताना दात वाजतात का. बायकोने हो म्हटल्यावर तिनेच रुग्णवाहिका धाडली. त्या दिवशी अर्धा दिवस उशीर झाला असता तर मास्तर आज आभारपत्र लिहायला उरले नसते. हे सगळं त्या चार पानांत होतं, अगदी ताप किती होता तेही.

त्याआधी, तिसऱ्या वर्षी, सिस्टरचे उपकार फेडायचे म्हणून मास्तरांनी एक गोष्ट केली होती. ऑपरेशननंतर नळीतून येणारी लघवी किती लाल आहे हे नर्सेस एकमेकींना सांगायच्या ते तोंडी. एकीचं गुलाबी दुसरीला लाल वाटायचं. मास्तरांनी घरी सुती कापडाच्या सात पट्ट्या रंगवल्या. शून्य नंबर पाण्यासारखा, सहा नंबर काळपट लाल, मधल्या पायऱ्या अचूक. त्या पुठ्ठ्यावर चिकटवून सिस्टरला दिल्या. डॉक्टरबाई खूश झाल्या. तेव्हापासून वॉर्डातून फोनवर नुसता आकडा सांगायचा, तिसरा आहे, चौथा आहे. मास्तरांची छाती दोन इंच फुगली. बाकावरचे नवे रुग्ण त्यांना विचारायला लागले आणि मास्तर सांगायला लागले. आपण अर्धे हॉस्पिटलचेच आहोत, असं त्यांना वाटायला लागलं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

तिसऱ्या मजल्यावर पडलेला माणूस म्हणजे पैलवान. वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून पैलवान. हौदात काठी फिरवणं हे त्याचं काम आणि मास्तरांना शिव्या घालणं हा त्याचा हक्क. चाळीस वर्षांची दोस्ती, एकाच गल्लीत घरं. मास्तरांच्या मागोमाग चार वर्षांनी त्यालाही गाठ झाली. दोघं तपासणीला एकाच बसने जायचे आणि येताना कुणाची नळी जास्त दुखली यावर भांडत यायचे.

आठ महिन्यांपूर्वी पैलवानाने आपली तारीख चुकवली. दोनच दिवसांत सिस्टरचा फोन आला. तिने विचारलं, लाल येते का? तो म्हणाला, जरा येते. ती म्हणाली, मग उद्या सकाळी उपाशीपोटी या, मी नाव लिहून ठेवते. फोन ठेवून पैलवान हॉस्पिटलात गेला नाही. तो काचेची बाटली शर्टाखाली लपवून मास्तरांकडे आला आणि म्हणाला, सिस्टर उद्या बोलावतेय, तू आधी बघ.

मास्तरांनी बाटली उत्तरेच्या खिडकीशी धरली. तिरकी केली, सरळ केली. मग गेल्या चार दिवसांत काय गोळ्या घेतल्यास म्हणून विचारलं. जळजळीवरच्या, पैलवान म्हणाला. मास्तरांनी लगेच निकाल दिला. याचा कल पिवळ्याकडे आहे, रक्ताचा कल निळ्याकडे जातो. हा गोळीचा रंग. जा, झोप. पुढच्या वेळी माझ्याबरोबर ये.

गोळीचा रंग होता, यात शंका नाही. डोळा चुकला नव्हता. त्या नारिंगीच्या खाली लाल होतं, एवढंच. ज्याने जन्मभर एका रंगावर दुसरा रंग चढवला, खालचा रंग वरून कसा झाकायचा हे दहा पोरांना शिकवलं, त्याला खाली काही असेल हे सुचलं नाही. ज्याचं ते काम आहे त्याने ते करावं, एवढी साधी गोष्ट तो एकतीस वर्षांच्या डोळ्यापायी आणि सात पट्ट्यांच्या पुठ्ठ्यापायी विसरला.

आठ महिन्यांनी पैलवानाची लघवी गुठळ्यांनी अडली, तेव्हा त्याला उचलून न्यावं लागलं. गाठ पिशवीच्या भिंतीत, आत स्नायूपर्यंत गेली होती. आता खरवडून भागणार नव्हतं. पिशवी काढायची आणि पोटाला भोक पाडून बाहेर दुसरी पिशवी लावायची, मरेपर्यंत. वहिनींनी, म्हणजे पैलवानाच्या बायकोने, त्याला विचारलं, तुम्हाला हॉस्पिटलातून फोन नाही आला? त्या रडत होत्या, मुलगा बाजूला उभा होता, नळीतून लाल जात होतं. पैलवान म्हणाला, नाही आला.

मुलगा बस चालवायचा. स्वभाव गाडीच्या हॉर्नसारखा. त्याने दुसऱ्याच दिवशी तक्रार ठोकली: गाठीच्या रुग्णाला परत बोलावलं नाही, खोलीच्या सिस्टरने हलगर्जी केली. सिस्टर म्हणाली, मी दोनदा फोन केला, दुसरा तो आला नाही म्हणून. दाखवा, म्हणाले. फोनची नोंद संगणकात करायची असा नियम झाला होता. ही बाई अजून आपल्या वहीत लिहायची. वहीत काय कुणीही केव्हाही लिहील, मुलगा म्हणाला, आणि ते अधीक्षकांना पटलं. चौकशी सोमवारी अकराला ठरली. फोन केला नाही असं ठरलं तर सिस्टरला त्या खोलीतून काढणार, आणि खात्याकडे जे पाठवायचं ते पाठवणार. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर.

मास्तरांना हे कळून दोन आठवडे झाले होते. दोन आठवडे ते रोज पैलवानाला बघायला जात आणि उशीपाशी बसून क्रिकेटवर बोलत. कार्यालयातून जुन्या रुग्णांना सांगण्यात आलं की सिस्टरबद्दल कुणाला चांगलं लिहून द्यायचं असेल तर द्या. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आभार मानून सुटता येत असेल तर माणूस चारच काय, चाळीस पानं लिहील.

त्याच सोमवारी दहा वाजता त्यांची स्वतःची वर्षाची तपासणी होती.

खोली तशीच होती. स्टीलचं टेबल, पाय ठेवायच्या दोन खोबणी, छतावर एक दिवा. सिस्टर आत आली. तिचा गणवेश कडक इस्त्रीचा होता, अकराला बोलावणं होतं म्हणून असेल. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने नेहमीसारखं विचारलं, ताप? जळजळ? लाल? मास्तर नाही, नाही, नाही म्हणत गेले. भूल देणारी जेल तिने नळीतून सोडली आणि पाच मिनिटं लावून ठेवली. ती पाच मिनिटं दरवेळी ती काहीतरी चेष्टेचं बोलायची. आज बोलली नाही. घड्याळात दहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

मास्तरच म्हणाले, मी पत्र आणलंय, सिस्टर. चार पानं लिहिलीत. ती बरं म्हणाली. मग मास्तरांना राहवेना. त्यांनी छताकडे बघत विचारलं, दुसऱ्या फोनला पैलवान काय म्हणाला होता?

सिस्टरने ट्रेवरचं फडकं सरळ केलं.

"म्हणाला, मास्तरांनी पाहिलंय."

मास्तरांनी उठायला कोपर टेकलं. टेबलावर, पाय वर, अंगावर हिरवी चादर, उठून पळायचीही सोय नाही.

"हे तुम्ही लिहून दिलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

 का नाही दिलं ते तिने आपणहून सांगितलं, आवाज न चढवता, जसं वजन सांगावं तसं. तुमचं नाव तक्रारीच्या कागदात गेलं तर तुम्ही पुढच्या तारखेला या दारातून आत कसे येणार? एकदा नाही आलात, दोनदा नाही आलात, की तुमचंही तसंच होईल. सातदा आलेली गाठ आठव्यांदा येते, मास्तर. आणि दुसरं म्हणजे, ती म्हणाली, तुम्ही पाहिलं म्हणजे काय पाहिलं ते मी त्याला विचारलंच नाही. मला वाटलं, रिपोर्ट पाहिला असेल, कुठे दुसरीकडे दाखवून आला असेल. त्या वेळी टेबलावर रुग्ण होता, मी फोन ठेवला. एक वाक्य विचारलं असतं तर. "दोन आठवडे मी त्या एका वाक्यापाशी उभी आहे."

डॉक्टरबाई आल्या. दुर्बीण आत गेली. पडद्यावर गुलाबी भिंत सरकायला लागली, बारीक शिरांची जाळी, जुन्या खरवडीचे पांढरे वण. दरवेळी या क्षणी मास्तर डोळे मिटून घ्यायचे. आज ते पडद्याकडे बघत होते आणि काहीतरी दिसावं, असं त्यांना वाटत होतं. एखादी गाठ. म्हणजे हिशेब बरोबर झाला असता, दोघंही एकाच टेबलावर आले असते. असा विचार माणूस करतो, टेबलावर पडला की करतो.

"स्वच्छ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकदम स्वच्छ. आता वर्षाने या."

मास्तरांनी आभार मानायच्या ऐवजी किती वाजले ते विचारलं.

चौकशी पहिल्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत होती. लांब टेबलाच्या एका टोकाला अधीक्षक, त्यांच्या बाजूला आणखी दोन जण, एक बाई लिहून घ्यायला. खिडकीशी सिस्टर. समोर पैलवानाचा मुलगा, त्याच्या शेजारी वहिनी, पदर मुठीत धरून. मुलाने मास्तरांना बघून खुर्ची ओढून दिली, काका, बसा, म्हणाला. त्याला वाटलं, काका आपल्या बाजूने आलेत. लहानपणी याला मास्तरांनी सायकल शिकवली होती.

मास्तर बसले नाहीत. बसलो तर उठवणार नाही, हे त्यांना कळत होतं.

अधीक्षकांनी सांगितलं, हे सिस्टरचे जुने रुग्ण आहेत, यांना काही वाचून दाखवायचं आहे. मास्तरांनी पत्र काढलं. चष्मा लावला. पहिलं वाक्य वाचलं, की मी गेली अकरा वर्षं या हॉस्पिटलाचा ऋणी आहे. दुसरं वाचलं. तिसऱ्यात सिस्टरचा उल्लेख देवदूत असा होता. त्यांनी वर बघितलं. सिस्टर टेबलाच्या कडेकडे बघत होती आणि तिचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यात रुतला होता. देवदूत म्हणे. दोन आठवडे हिला जाळून वर देवदूत म्हणायचं.

त्यांनी कागद टेबलावर ठेवून दिले.

"फोन आला होता," ते म्हणाले. "दोनदा. पहिला आला त्याच दिवशी पैलवान माझ्याकडे आला होता. बाटली घेऊन."

मग त्यांनी सगळं सांगितलं. थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. खिडकी सांगितली, गोळी सांगितली, पिवळा कल आणि निळा कल सांगितला. मी म्हटलं झोप जा, म्हणून तो झोपला. सिस्टरने बोलावलं होतं, मी अडवलं. आणि हे मला दोन आठवड्यांपासून ठाऊक आहे, सिस्टरवर आळ आहे हेही ठाऊक होतं, तरी मी रोज येऊन क्रिकेट बोलत बसलो. लिहून घेणाऱ्या बाईचं पेन मध्येच थांबलं. अधीक्षकांनी तिला खूण केली, तेव्हा ते पुन्हा चालायला लागलं.

मुलगा उठला होता. खुर्ची मागे पडली तिचा आवाज खोलीभर झाला. तो टेबलाला वळसा घालून मास्तरांच्या पुढ्यात आला आणि त्याचा हात वर गेला. मास्तरांनी मान बाजूला केली नाही. जी चपराक बसली असती ती बसू दिली असती.

"बस खाली," वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. मुलगा तसाच उभा राहिला. "तुला बस म्हटलं मी."

तो बसला नाही, पण हात खाली आला.

वहिनी मास्तरांकडे बघत होत्या. चाळीस वर्षं त्या त्यांना भावजी म्हणत आल्या होत्या, मास्तरांच्या लेकीच्या बाळंतपणात त्यांच्या घरी महिनाभर राबल्या होत्या.

"मी त्या दिवशी तुमच्या घरातच होते, भावजी. आत स्वयंपाकघरात. बाहेर आले तर तुम्ही दोघं खिडकीशी. मी विचारलं, काय बघताय? तुम्ही म्हणालात, रंग बघतोय, तुम्हाला नाही कळायचं." त्यांनी पदराची मूठ सोडली, पुन्हा धरली. "मला नसतं कळलं. मी यांना कानाला धरून इथे आणलं असतं."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

अधीक्षकांनी मग सिस्टरला विचारलं की रुग्णाने मास्तरांचं नाव घेतलं होतं, हे खरं का. ती हो म्हणाली. का सांगितलं नाही, असं विचारलं, तर म्हणाली, मास्तरही माझे रुग्ण आहेत. अधीक्षकांनी कागद खालीवर केले. मग म्हणाले की फोन केला होता हे सिद्ध होतं, सिस्टर आपल्या खोलीत काम चालू ठेवतील. मात्र संगणकात नोंद न केल्याबद्दल त्यांना लेखी समज देण्यात येईल. बाकी लोकांनी माना हलवल्या. अशा खोल्यांत माना फार सहज हलतात. दोन आठवड्यांपूर्वी त्याच माना उलट्या दिशेने हलल्या होत्या.

मुलगा आईला घेऊन निघाला. दाराशी तो मास्तरांच्या बाजूने गेला आणि अंगाला अंग लागू नये म्हणून त्याने खांदा वळवला. ती चपराक हाताच्या चपराकीपेक्षा जास्त लागली.

मास्तर बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले. तपासणीनंतरची जळजळ आता सुरू झाली होती. सिस्टर बाहेर आली. त्यांना वाटलं, ती काहीतरी मऊ बोलेल, अकरा वर्षांची सवय होती. ती समोर येऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा रागाने पांढरा पडला होता.

"त्या पट्ट्या ऑपरेशननंतरच्या नळीसाठी आहेत," ती म्हणाली. "नळीत किती लाल येतंय ते सांगायला. लाल का येतंय ते कापडाची पट्टी सांगत नाही, मीही सांगत नाही, त्याला दुर्बीण लागते. अकरा वर्षं माझ्या टेबलावर पडून तुम्हाला एवढं कळलं नाही?"

मास्तरांनी मान हलवली. माफ करा म्हणायला गेले, तर ती म्हणाली, मला नको, ज्याची पिशवी जातेय त्याला सांगा. मग घड्याळ बघून म्हणाली, पाणी प्या भरपूर, एक-दोन दिवस जळजळ होईल, ताप आला तर फोन करा. एवढं बोलून ती गेली. तिच्या खोलीबाहेर बाकावर पाच जण ताटकळले होते.

तिसऱ्या मजल्याला लिफ्ट होती. मास्तर जिन्याने गेले, म्हणजे जरा वेळ लागेल. वॉर्डात पोचले तर वहिनी आणि मुलगा आधीच येऊन गेल्याचं कळलं, दाराशी नर्सने सांगितलं की दोघं खाली औषधं आणायला गेलेत. म्हणजे याला सगळं कळलं होतं.

पैलवान उशीला टेकून बसला होता. पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीखाली, निळ्या पेनाने एक गोल काढला होता. उद्या तिथे भोक पाडायचं, म्हणून आजच खूण करून गेले होते. मास्तर पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी दांडी धरून उभे राहिले.

"सांगितलंस म्हणे," पैलवान म्हणाला.

"हो."

"बोललो की मी पोराला. फोन नाही आला, हे मी आधी बोललो. तू नंतर गप्प बसलास. पहिला नंबर माझाच." तो हसायला गेला आणि नळी ओढली गेली म्हणून थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "मला जायचं नव्हतं रे. तू नसतास तर मी न्हाव्याला बाटली दाखवली असती. तोही म्हणाला असता, काही नाही."

मास्तरांना रडू आलं. म्हातारा माणूस रडतो ते बघायला बरं दिसत नाही. नाक गळतं, खांदे हलतात, आवाज कोंडतो. पैलवानाने तोंड खिडकीकडे फिरवलं. तो रागावला होता की लाजला होता, ते मागून कळत नव्हतं. निळ्या गोलावर त्याने चादर ओढली.

"न्हाव्याचं मी ऐकलं नसतं कदाचित," तो खिडकीकडेच बघत म्हणाला. "तुझं ऐकलं."

हे मास्तरांना लागायचं तसं लागलं. त्यांनी दांडी सोडली नाही. बाजूच्या पलंगावरचा माणूस पाणी मागत होता, नर्स त्याला द्यायला आली आणि गेली. वॉर्डात जेवणाच्या गाडीचा खडखडाट सुरू झाला. पैलवानाला आज जेवण नव्हतं, नुसतं पाणी, तेही रात्रीपर्यंतच.

"आता जा," पैलवान म्हणाला. "हिने तुला इथे बघितलं तर आज काही खरं नाही."

मास्तर वळले. दारापर्यंत गेले.

"आठला नेणार आहेत," मागून आवाज आला. "साडेसातला येऊन बस. तिच्या बाजूला बस. ती बोलणार नाही तुझ्याशी, तरी बस."